पानमळ्यातल्या गोगलगाई

आमचा पानमळा बार्शीटाकळीपासून कोसभर दूर, नाल्याच्या वरच्या अंगाला होता. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला नीट लुगडंही नेसता येत नव्हतं, आणि ज्या पावसाळ्याचं मी सांगणार आहे तेव्हा पंचविशीची असेन. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि माझी नात लिहून घेते. मधे मधे ती हात थांबवून माझ्याकडे बघते. तिला मी म्हटलंय, बघू नको, लिही.

पानमळा म्हणजे शेत नव्हे. शेवरीची झाडं ओळीनं लावायची, त्यांच्या बुडाशी पानवेल लावायची आणि वेल वर चढेल तशी ती केळीच्या खोडाच्या वाळल्या सालीनं, सोपटानं, झाडाला बांधत जायची. चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड, डोक्यावर शेवरीची सावली. बाहेर उन्हानं भुई तडकत असली तरी आत ओल आणि गारवा. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, अंघोळ केल्याशिवाय जायचं नाही, आणि बाई बाजूला बसलेली असली की चार दिवस तिनं कुडाच्या दाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. वेलीला विटाळ सोसत नाही असं आम्ही मानत होतो. आम्ही म्हणजे सगळेच, मी धरून.

घरात सासू, माझा नवरा, धाकटा दीर, त्याची बायको आणि मी. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूचे गुडघे इतके धरले होते की तिनं मळ्यात पाऊल टाकणं सोडलं होतं. ती कुडाच्या दाराशी मांडवाखाली बसायची, खुडून आणलेली पानं खालची वर करायची, सडकं पान वेगळं काढायची. मळा तिला दिसत नव्हता, पण चालायचा तिच्याच तोंडानं. आज कुठली ओळ खुडायची, पाणी कधी सोडायचं, सगळं ती बसल्या जागेवरून सांगायची आणि आम्ही ऐकायचो.

ती कापसाची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई लागली आहे, तिकडचा कापूस बंद झाला आहे, म्हणून आपल्या बोंडाला भाव आला आहे, असं लोक बोलायचे. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी पेरली. ज्याच्याकडे बैलजोडी होती तो कापूस वाहायला निघाला. आमचा धाकटा दीरही आमचे दोन्ही बैल आणि गाडी घेऊन अमरावतीच्या वाटेला लागला. एकदा गेला की पंधरा पंधरा दिवस परतायचा नाही. बाजारात गाडीवान आणि हमाल यांची इतकी गर्दी झाली की ज्याला सणाशिवाय कधी पान मिळालं नव्हतं तो दिवसातून चारदा तोंड रंगवू लागला. माझा नवरा अकोल्याच्या बाजारात पानांची टोपली उतरवायचा आणि दुपारच्या आत रिकामी करून यायचा. आणखी पान पाहिजे, एवढं एकच तो घरी आल्यावर म्हणायचा.

पण वेलीला खत कुठून आणायचं? बैल गाडीला गेल्यामुळे गोठ्यात शेण नाही, आणि गावात जे होतं ते लोक पऱ्हाटीला घालत होते. सरकीला मात्र तोटा नव्हता. घरोघरी कापसातली सरकी वेगळी करायचे रेचे चालले होते. रुई काढून गाड्यांवर चढायची आणि मागे सरकीचे ढीग राहायचे. ती खाणारी जनावरंच गावात उरली नव्हती. उन्हाळा संपता संपता ते ढीग लोकांच्या अंगणात कुजायला लागले. न्यायला या, असं लोक आपण होऊन सांगायचे.

ती सरकी मळ्यात टाकायची हे मला सुचलं. मी सासूला विचारलं. ती पान उलटत उलटत म्हणाली की वेलीच्या बुडाशी सडकं ठेवायचं नसतं, ढेप घालायची ती वाळवून, कुटून आणि मूठभर, आणि तेवढी ढेप यंदा होत नसेल तर पान कमी आलं तरी चालेल. मला ते पटलं नाही. मी नवऱ्याला एकटं गाठून सांगितलं. त्याला पान पाहिजे होतं. आईले सांगू नको, एवढंच तो बोलला. पाऊस लागायच्या आधी आम्ही सरकी आणली, ओळीओळीत वेलीच्या बुडाशी वितभर थर दिला आणि वर दिसू नये म्हणून ज्वारीचं कुटार, कडब्याचा भुसा, पसरलं. मळ्यामागच्या कुडाला एक फट होती, तिथून टोपल्या आत घेतल्या. टोपल्या वाहायला धाकटी होती.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पातूरची. येऊन वर्ष झालं होतं. तिचा बाप पानमळ्याचाच माणूस, त्यामुळे तिला काही शिकवावं लागलं नाही. मी वेल बांधायची तर कधी सोपट सैल व्हायचं, कधी वेल काचायची. तिनं बांधलेली गाठ सासूला दुरूनही ओळखू यायची, कारण त्या ओळीतलं पान रुंद यायचं. पान खुडायला आम्ही अंगठ्यात लोखंडी नखी घालायचो. तिची नखी वेलीला लागतच नव्हती. सासू एकदा गावच्या बायकांसमोर म्हणाली, "मोठीनं इतकी वर्सं हात हालवले. धाकटीले हात हायेत." बायका हसल्या. धाकटी हसली नाही, खाली बघत राहिली. ती हसली असती तर मी कदाचित विसरले असते.

आषाढात मळ्यात गोगलगाई निघाल्या.

तशा त्या दरवर्षी निघायच्या, पाच-पंचवीस. त्या वर्षी निघाल्या त्या मोजण्यासारख्या नव्हत्या. शंखवाल्याही होत्या आणि बिनशंखाच्याही, बोटाएवढ्या, काळपट, ओल्या चामड्यासारख्या. सकाळी मळ्यात जावं तर वेलीवर, झाडाच्या बुंध्यावर, सोपटाच्या गाठींवर त्यांच्या चिकट चकचकीत वाटा उमटलेल्या असायच्या. कोवळा शेंडा त्यांना पहिल्यांदा लागतो. शेंडा गेला की वेल तिथंच थांबते. मोठ्या पानाला भोकं पडतात आणि भोकाचं पान बाजारात कोणी घेत नाही.

धाकटीनं पहिल्या दिवशी पान खुडायला हात वर केला आणि पानामागची बिनशंखाची गोगलगाय तिच्या बोटांत आली. तिनं हात झटकला, तिथंच बसली आणि ओकली. पातूरला तिच्या बापाच्या मळ्यात गोगलगाई नव्हत्या काय, असं मी विचारलं. ती म्हणाली की होत्या, पण तिला लहानपणापासून त्यांची शिसारी होती, म्हणून बाप ते काम तिला सांगत नव्हता.

हे तिनं मला सांगायला नको होतं. त्या दिवसापासून गोगलगाई वेचायचं काम मी तिला लावून दिलं.

खरं म्हणजे हे काम हातानं करायचं नसतंच. बांबूची चिपाडं चिरून आम्ही चिमटे केलेले होते. ते मी उचलून माळ्यावर टाकले आणि तिला सांगितलं की उंदरांनी कुरतडले. उजाडता उजाडता, गोगलगाई लपायच्या आत, तिनं मडकं घेऊन मळ्यात शिरायचं आणि बोटांनी एकेक उचलून मडक्यात टाकायची. मडकं भरल्याशिवाय भाकर नाही, असं मी ठरवून दिलं. सासू दाराशी होती, पण तिला ते कळण्याचं कारण नव्हतं. तिला भरलेलं मडकं दिसायचं आणि ती म्हणायची, पोरगी कामाची आहे.

गोगलगाईचा चिकटा पाण्यानं जात नाही, उलट पसरतो. आधी कोरडी राख चोळून तो काढावा लागतो, मग पाणी. हे मला ठाऊक होतं. तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाण्यानं धू, भरपूर पाण्यानं. ती विहिरीवर बसून हात घासायची, घासून घासून बोटं लाल व्हायची आणि वास तसाच राहायचा. मग ती भाकर पळसाच्या पानात धरून खायची, बोट लागू नये म्हणून. कधी दोन घास खाऊन उठायची. मी बघायचे. एकदा ती वाकून वेचत असताना मी एक गोगलगाय उचलली आणि मागून तिच्या मानेवर ठेवली. ती किंचाळली नाही. तशीच वाकलेली राहिली, आणि मग तिनं हळूच मागे हात नेऊन ती काढली आणि मडक्यात टाकली. वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इथं नात म्हणते, आजी, हे लिहू नये. मी म्हटलं, लिही.

मडकं भरलं की त्या मारायच्या. मीठ टाकलं की लवकर मरतात, पण मीठ महाग होतं, ते गोगलगाईंवर कोण घालणार. आम्ही चुन्याचं पाणी ओतायचो. त्या फेस सोडतात, आवळतात, मडक्यात एकमेकींवर चढायला बघतात आणि मग पिवळं पाणी होतं. ते मी तिला करायला लावायचे आणि जवळ उभी राहायचे. मला त्यात गोडी वाटायची. गोगलगाई मरताना बघण्यात नव्हे, ती बघत असताना तिचा चेहरा बघण्यात. हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

वेचून त्या संपेनात. तेव्हा जे जे उपाय माहीत होते ते सगळे आम्ही केले. चुलीतली राख चाळून वेलीच्या बुडाभोवती तिचं कडं घालायचं. राख कोरडी असेपर्यंत गोगलगाय ती ओलांडत नाही, पण आषाढात राख कोरडी राहते किती वेळ? एक सर आली की पुन्हा घाला. संध्याकाळी ओली गोणपाटं ओळीत टाकून ठेवायची, सकाळी ती उलटायची, की खाली शेकड्यानं चिकटलेल्या सापडतात. पपईची पानं आणि दोडक्याच्या साली एका जागी टाकून त्यांना तिकडे ओढायचं. तंबाखूची भुकटी पाण्यात उकळून शिंपडायची. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळीच पाणी द्यायचं, म्हणजे रात्री भुई थोडी सुकलेली असते. सासूनं हे सगळं एकेक करून सांगितलं आणि प्रत्येक उपायानं चार दिवस फरक पडला. पाचव्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. ती म्हणायची, या येऊन कुठून राहिल्या? मी राखेची टोपली उचलून पुढच्या ओळीला लागायचे. कुटार हलवून बघायचा मला धीर नव्हता, कारण खाली काय असेल ते मला अंदाजानं कळत होतं.

मग कळीचा चुना आणला. तो कोरडा, भुकटी करून, बुडापासून वितभर दूर पसरायचा. चुना हाताला लागू नये म्हणून फडकं गुंडाळायचं असतं आणि हात कोरडे असावे लागतात. त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. धाकटीचे हात आधीच चिरलेले, ओले. मी तिला टोपली दिली आणि फडकं दिलं नाही. अर्ध्या ओळीवर तिनं टोपली खाली ठेवली, तर मी म्हटलं, उरलेली ओळ कोण करणार. तिनं ओळ पूर्ण केली. दुपारपर्यंत तिच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी कातडं सुटलं. सासूनं विचारलं तेव्हा धाकटीनंच सांगितलं की माझ्या हातून चूक झाली. सासूनं तिच्या हातांना तेल लावलं आणि मला म्हणाली की आठ दिवस हिला काम सांगू नको. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं.

आषाढ सरत आला तेव्हा मळ्याचा तिसरा हिस्सा उघडा पडला होता. शेजारच्या दोन मळेवाल्यांना भीती पडली की आमच्या गोगलगाई त्यांच्याकडे जातील. ते दोघं म्हातारे एका दुपारी सासूकडे आले, मांडवात बसले. त्यांनी पाणी घेतलं नाही. आमच्या मळ्यात असं नाही, त्यांच्या मळ्यात असं नाही, मग तुमच्याच मळ्यात कावून, असं त्यांनी विचारलं. काही चुकलं असेल तर सांगा, शांत करता येईल. सासूचा पान उलटणारा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ती आता एकेक गोष्ट मागे जाऊन शोधणार आणि शोधत शोधत खताशी येणार.

मी पदर सावरला आणि म्हणाले, "सासूबाई, सांगू नये, पण धाकटी विटाळात मळ्यात गेली होती. म्या पाह्यलं."

नवरा तिथंच होता. त्याला माहीत होतं मळ्यात काय टाकलंय. तो जमिनीकडे बघत राहिला.

सासूनं धाकटीला हाक मारली. ती आतून आली, हातांना फडकी बांधलेली. सासूनं दोन म्हाताऱ्यांसमोर तिला विचारलं. बायकांची गोष्ट, परक्या माणसांसमोर. धाकटीची मान खाली गेली, मग तिनं ती वर केली. तिला एवढं सरळ बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सासूबाई, मले दोन महिन्यांपासून कावळाच शिवला नाही," ती म्हणाली. "विटाळ कुठून येईन?"

 मला वाटलं, आता संपलं. पोरीच्या पोटात पोर होतं, ती ओकत होती ते त्यामुळेही असेल, आणि मला ते दिसलं नव्हतं. सासूला मात्र दिसलं असणार. तिनं धाकटीच्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांवरून मी सांगते, तिनं पोरीवर विश्वास ठेवला. मी खोटं बोलले हे त्या क्षणी तिला कळलं.

पण ते दोन म्हातारे समोर बसले होते. धाकटी खरी म्हणायची तर थोरली खोटी पडते, ऐकून गप्प बसलेला थोरला मुलगाही खोटा पडतो, आणि मळ्यात गोगलगाई का आल्या हा प्रश्न तसाच राहतो. सासूनं पुढ्यातली चार पानं उलटली. मग ती त्या म्हाताऱ्यांना म्हणाली, पोरगी लहान आहे, तिला दिवस मोजता येत नसतील, चुकून गेली असेल. तिला पातूरला पाठवते आणि मळ्याची शांत करते.

म्हातारे उठले. जाता जाता त्यांनी पाणी घेतलं.

धाकटीनं वाद घातला नाही. सरकीचं नावही काढलं नाही. टोपल्या तिनंच वाहिल्या होत्या. एका वाक्यानं ती मला आणि माझ्या नवऱ्याला तिथंच उभं करू शकली असती. ती आत गेली आणि तिनं आपलं गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिवशी माझा नवराच तिला पातूरच्या वाटेनं घेऊन गेला. गाडी नव्हती, बैल अमरावतीकडे होते. ती पायी गेली. निघताना ती सासूच्या पाया पडली. माझ्या पडायला वाकली नाही. मी पाय पुढे केले होते.

आठ दिवसांनी दीर आला. त्यानं बायको कुठे म्हणून विचारलं. सासूनं सांगितलं तेवढं ऐकून घेतलं, बैलांना पाणी पाजलं, गाडी सोडलीच नाही. तसाच पातूरला गेला. तिकडून चार दिवसांनी एका माणसाबरोबर बैल आणि गाडी परत पाठवली. बैल आमचे होते, ते त्यानं ठेवून घेतले नाहीत. स्वतः आला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सासू गेली तेव्हाही तो परस्पर नदीवर आला आणि तिथूनच परत गेला.

नागपंचमीला आम्ही पान खुडत नाही, भुई उकरत नाही, वेलीची पूजा करतो. त्या वर्षी सासू म्हणाली की मला आत न्या, मळ्यानं एवढं सोसलं, मी स्वतः पूजा करीन. नवऱ्यानं आणि एका शेजाऱ्यानं तिला हातांच्या चौरंगावर उचलून आत नेलं आणि पहिल्या ओळीत टेकवलं. शेजारी बाहेर गेला. तिनं लाह्या ठेवायला वेलीच्या बुडाशी हातानं कुटार बाजूला सारलं.

खाली काळी, कुजलेली सरकी होती. तिच्यात गोगलगाईंची अंडी, ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांसारखी पांढरी, झुबक्या झुबक्यांनी. आणि लहान लहान पिल्लं, नखाएवढी, वळवळत होती. सासूनं मूठभर सरकी उचलली आणि तळहातावर धरून बघितली. पाऊस पडत होता. मी तिच्यामागे पूजेचं ताट घेऊन उभी होते.

"हे कोनं टाकलं, ते मी इचारत नाही," ती म्हणाली. "काढाचं कोनं, ते सांगते."

दुसऱ्या दिवसापासून मी ती सरकी काढायला बसले. एकटीनं. नवऱ्याला तिनं हात लावू दिला नाही. ओळीमागून ओळ, हातानं, कारण कुदळ लावली तर वेलीची मुळं तुटतात. टोपली भरून कुडाबाहेर न्यायची, ओली सरकी जळत नाही म्हणून कोरड्या पऱ्हाटीच्या काड्यांवर ती पसरायची आणि पेटवायची. जळताना आतली अंडी तडतडायची. उरलेला श्रावण आणि पूर्ण भाद्रपद त्यात गेला. ती दाराशी बसून बघायची. जेवायची वेळ झाली तरी हाक मारायची नाही. मीही विचारायचे नाही. सरकी निघाली तशा गोगलगाई कमी झाल्या आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा पाच-पंचवीसवर आल्या. राखेचं कडं मग पुरेसं झालं.

एकदा, ओळ संपवून मी तिच्यापुढे पाणी प्यायला बसले असताना, मी म्हटलं की धाकटीला परत आणावं. मनापासून म्हटलं की भीतीनं, ते मला आता सांगता येत नाही. सासू म्हणाली की लोकांना आपण एकदा विटाळ सांगितला, आता सरकी सांगायला गेलो तर हसतील, आणि हसले तर आपलं पान कोणी घेणार नाही. ती चांगली पोरगी होती, असंही ती म्हणाली. नंतर ती पुन्हा पानं उलटायला लागली.

धाकटीला माघात मुलगी झाली, असं पातूरहून आलेल्या कासारानं सांगितलं. सासूनं ऐकलं. बारशाला कोणी गेलं नाही, आम्हाला बोलावणंही नव्हतं. सासूनं ती नात कधी पाहिली नाही. शेवटच्या दुखण्यात ती माझ्या हातचं पाणी प्यायची, पण माझं नाव घेत नव्हती. पाणी, एवढंच म्हणायची.

पाच-सहा वर्षांनी मला पातूरला जायचा प्रसंग आला, माझ्या मामेबहिणीकडचं लग्न होतं. आदल्या दिवशी बाजार होता. पानाच्या ओळीत धाकटी बसली होती. पुढे ओल्या फडक्यावर पानांच्या चवडी लावलेल्या, रुंद पान, एका पानाला भोक नव्हतं. तिच्या तळहातांवर गुळगुळीत, गुलाबी डाग होते, पानं मोजताना ते दिसायचे. तिनं मला ओळखलं आणि बस म्हणाली नाही. मीच बसले.

काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा मनात घोळवलं होतं. ऐन वेळी तोंडून निघालं ते भलतंच. मी विचारलं, त्या दिवशी तू सरकीचं का नाही सांगितलं?

ती एका गिऱ्हाइकाला पानं बांधून देत होती. ती देऊन झाल्यावर म्हणाली, "सांगितलं असतं तं मले त्याच घरात ऱ्हावं लागलं असतं."

मी तिची माफी मागायला लागले. पदर हातात घेतला होता, वाकत होते. तिनं हात आडवा केला.

"मागू नका, बाई. चार लोकांत मागाल तं मले द्यावी लागन. मले द्याची नाही."

तिच्या मागे पाच वर्षांची एक पोर देठं निवडत बसली होती. तिला बघताना मला सासूचं नाक दिसलं, तेच, टोकाला थोडं बसकं. पोरीनं मान वर करून विचारलं, "आई, कोण होय वं ते?"

"गिऱ्हाईक," धाकटी म्हणाली. आणि मला विचारलं, "किती पानं देऊ?"

मी पन्नास पानं घेतली. तिनं मोजून दिली, एक जास्त नाही, एक कमी नाही.

लग्नघरी मी ती पानं विड्यासाठी दिली. कोणाच्या मळ्यातली, असं बायकांनी विचारलं. मी म्हटलं, बाजारातून आणली. चांगली आहेत, असं सगळ्याच म्हणाल्या. आमचा मळा तोवर मोडला होता. अर्ध्या वेली त्या पावसाळ्यात गेल्या होत्या, उरलेल्यांचं पान पुढे रुंद आलंच नाही, आणि नवऱ्यानं एका उन्हाळ्यात शेवरी तोडून तिथं पऱ्हाटी पेरली. तोपर्यंत कापसाचा भाव उतरला होता. पण त्यानं पेरली, कारण पानमळ्यात काम करायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि मला मळ्यात जायला तो आता सांगत नव्हता.